ट्रान्सफॉर्मिंग प्रिन्सिपल

बायोलॉजी शिकवणाऱ्या बाईला किस्से शोधावे लागत नाहीत. आमच्या बसवकल्याणच्या कॉलेजात पुस्तक इंग्रजीत, निम्मा वर्ग कन्नडमध्ये विचार करणारा, निम्मा मराठीत, आणि भांडणं मात्र सगळ्यांची दखनीत! साचणारच की!

यंदाचे सांगून टाकते. यंदा माझं अर्धं लक्ष वर्गाच्या दाराकडेच होतं. सुनीताचे वडील टीसी काढायला येणार होते. पोरीला आई नाही, उदगीरकडचं स्थळ चालून आलेलं. आणि अख्ख्या वर्गात तल्लख तीच! रोज वाटायचं, आज येतात की काय.

*

नॅचरल सिलेक्शन शिकवत होते. धुरानं झाडं काळी पडली, पांढरे पतंग पक्ष्यांना पटकन दिसले, काळे वाचले.

मागच्या बाकावरून शिवराज म्हणाला, "मॅडम, हे सिलेक्शन करतंय कोण?"

"कोणीच नाही. आपोआप होतं."

"मग वशिला कुणाकडनं लावायचा?"

*

सुनीता म्हणाली, "आमच्या तुरीवरल्या अळ्यांला औषधाची सवय झाली मॅडम."

मी म्हटलं, "सवय नाही गं. ज्यांना ते औषध मुळातच बाधत नव्हतं त्या वाचल्या, त्यांचीच पिल्लं शेतभर झाली."

ती म्हणाली, "म्हंजी दांडग्या अळ्या आम्हीच फवारून फवारून निवडून ठेवलो!"

अशी पोर चुलीपुढं बसवायची? मला रागच आला. कुणावर काढणार?

*

विषाणूतलं नेमकं काय जंतूच्या आत शिरतं, प्रोटीन की डीएनए? हे बघायला शास्त्रज्ञांनी बाहेर चिकटलेली विषाणूंची टरफलं चक्क स्वयंपाकघरातल्या मिक्सरनं सोडवली.

शिवराज म्हणाला, "मग त्याच मिक्सरमदी चटणी केले का मॅडम?"

वर्ग खदखदून हसला, मीही हसले. तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली आणि मी खडू टाकून दाराशी पळाले. फिजिक्सचे सर होते!

*

डीएनएचं नाव पुढं यायच्या आधी, जंतूचा गुण बदलणाऱ्या त्या अनोळखी पदार्थाला 'ट्रान्सफॉर्मिंग प्रिन्सिपल' म्हणायचे. मी ते फळ्यावर न लिहिता नुसतं बोलले. तेवढंच चुकलं.

मधल्या सुट्टीत प्रिन्सिपल धावत स्टाफरूममध्ये. "एन्री, अहो मॅडम, माझी ट्रान्सफर ऑर्डर तुम्ही कुठं बघितलात?"

ऑफिसात क्लार्कनं निरोपाचा हारही सांगून ठेवला होता!

*

म्हणून दुसऱ्या दिवशी तोच धडा पहिल्यापासून घेतला. आणि नेमके त्याच तासाला सुनीताचे वडील दारात.

"तास होऊ द्या," मी म्हटलं. ते शेवटच्या बाकावर बसले. सुनीतानं तर बॅग भरूनच ठेवली.

मी भराभर सांगत सुटले. साधे जंतू टोचले, उंदीर जगला. जहाल जंतू तापवून मारले आणि टोचले, तरी उंदीर जगला. पण ते मेलेले आणि साधे जिवंत, दोन्ही मिसळून टोचले, तर उंदीर मेला! आणि त्याच्या रक्तात जहाल जंतू सापडले, जिवंत.

"कामून?" शेवटच्या बाकावरून आवाज आला. पोरं मागं वळून बघायला लागली.

"मेलेल्यातलं काहीतरी जित्यात गेलं, अप्पा."

"मेल्यावर बी उरतंय?"

"उरतं."

"आगीत बी?"

आम्ही जंतूंना आगीत टाकत नाही, नुसतं तापवतो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. त्यांच्याकडं बघितलं आणि म्हटलं, "जंतू मरतात. ते उरतं."

ते सुनीताकडं बघत राहिले. ती बॅग खांद्याला लावून उभीच होती.

"हिच्या मायला बी लई शिकायचं होतं," ते म्हणाले. मग टोपी नीट करून उठले. "खाली बस गं. मॅडम सांगायल्यात ते ऐक."