मधल्या फळीतून आलेले ‘या’

साठीचा गौरवग्रंथ असतो, पंचाहत्तरीचा असतो. चाळिशीचा मी तरी पाहिलेला नाही. पण फुटबॉलपटूची साठी चाळिशीतच येते, असे संपादकांनी मला सुनावले आणि ज्याने त्याने आपापल्या भाषेत लिहावे, अशी मुभाही दिली. म्हणून इग्नासिओ-सान (जपानी ‘सान’ म्हणजे आपले ‘राव’ किंवा ‘बाई’) यांच्याविषयी हे चार शब्द मराठीत.

आमची ओळख माझ्या फजितीतून झाली. दोन हजार अकराच्या भूकंपानंतर वर्षभराने पुण्याच्या कंपनीने मला जपानमधल्या सेंदाईला पाठवले. रविवारी मी एका हौशी संघात खेळू लागलो. इग्नासिओ-सान स्पेनहून आलेले व्यावसायिक खेळाडू, आपल्या क्लबच्या मधल्या फळीचा कणा. सुट्टीच्या दिवशी ते आम्हाला शिकवत आणि आमच्यात खेळतही. पहिल्याच सामन्यात ते मध्यातून ओरडले, “या!” एवढा मोठा माणूस इतक्या अदबीने बोलावतोय म्हटल्यावर मी जागा सोडून धावत त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. मागच्या मोकळ्या जागेतून आमच्यावर गोल झाला. स्पॅनिशमध्ये ‘या’ म्हणजे ‘आत्ता’. त्यांना चेंडू हवा होता, मी नव्हे! खुलासा ऐकून ते रागावले नाहीत. पाहुण्याला एका अक्षरात मानाने आत घेता येते, याचेच त्यांना अप्रूप वाटले. पुढे ते आमच्या घरी आले, बायकोने दारात “या” म्हटले, तर यांनी गंभीरपणे घड्याळ पाहिले.

गोल करणाऱ्याचे नाव होते, अडवणाऱ्याचेही होते; मधल्या फळीतल्याचे फक्त पाय दुखतात. इग्नासिओ-सान यांनी हे काम कुरकुर न करता केले. त्यांची जिद्द मात्र मी मैदानाबाहेर पाहिली.

समुद्राकाठच्या एका गावातल्या मैदानावर त्यांनी जपानमधला पहिला सराव केला होता. त्सुनामीत घरे गेलेल्यांसाठी तिथे तात्पुरत्या खोल्या उभ्या राहिल्या. ते भेटायला गेले, तेव्हा कियोको-सान नावाच्या आजींनी त्यांचीच माफी मागितली, की आमच्यामुळे तुमचे मैदान अडले. सर्वस्व गेलेली बाई माफी मागते, हे त्यांना फार लागले. आधी तुम्हा सगळ्यांना पक्की घरे मिळू देत, मग इथला पहिला सामना मी खेळेन, त्याआधी निवृत्त होणार नाही, असा शब्द ते देऊन आले.

वर्षे गेली, खोल्या हलेनात. गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. क्लबने करार वाढवला नाही, तर ते तिथल्याच एका छोट्या संघात गेले. स्पेनहून घरचे परत बोलावत होते. मीही शहाणपणा शिकवायला गेलो, की गुडघा ऐकत नाही तर हट्ट कशाला.

“शब्द मी दिलाय,” ते म्हणाले, “गुडघ्यानं नाही.”



अखेर शेवटचे कुटुंब पक्क्या घरात गेले, मैदानावर पुन्हा हिरवळ आली आणि सामना ठरला. इग्नासिओ-सान गुडघा पट्ट्यांनी आवळून उतरले. गावकरी आले, पण कुंपणाबाहेरच थांबले. ज्या जमिनीवर इतकी वर्षे स्वयंपाक केला, कपडे वाळत घातले, तिच्यावर आता पाय ठेवायला त्यांना संकोच वाटत होता. सगळ्यांत मागे कियोको-सान उभ्या होत्या. शिट्टी व्हायची होती. इग्नासिओ-सान चेंडू तसाच ठेवून लंगडत कुंपणापर्यंत गेले, फाटक उघडले आणि वाकून म्हणाले, “या.”

हे ‘या’ आमचे होते. आजींना शब्द कळला नसेल, पण त्या आत आल्या आणि चेंडूला पहिला पाय त्यांनीच लावला. मला रडू आवरले नाही. इग्नासिओ-सान पूर्ण वेळ खेळले आणि मगच त्यांनी बूट सोडले.

इग्नासिओ-सान, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो आणि त्या गुडघ्याला आता खरोखर आराम. आमच्या दारात तुम्हाला ‘या’ म्हटले जाईलच. घड्याळ पाहिलेत तरी चालेल. आमच्याकडेही त्याचा अर्थ ‘आत्ता’च आहे.