काकांच्या बेसमेंटमधले शंभर जण

फुगवून सांगायची माझी जुनी खोड. नव्वदीच्या दशकात तिच्यापायी काकांच्या घरची बुद्धवंदना बंद पडायची वेळ आली होती.

काका मूळ नागपूरचे, इंजिनीयर. न्यू जर्सीतल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये दर रविवारी आम्ही वंदनेला जमायचो. हजेरीची वही माझ्याकडे. एका रविवारी टाउनशिपचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, इन्स्पेक्टर दारात आला आणि पोर्चवरच्या चपला-बूट बघून विचारू लागला, किती लोक येतात? आत होतो अठरा. मी छाती काढून सांगितलं, "शंभर तरी!"

पंधरा दिवसांत नोटीस आली. राहत्या घराचं विनापरवाना सभागृह केलं आहे, जमणं बंद करा. शेजारच्या घरी दर रविवारी फुटबॉल बघायला आमच्याहून जास्त माणसं यायची, त्यांना कधी कुणी हटकलं नव्हतं.

"कॅन्सल करू या," काकू म्हणाल्या. "आपलं ग्रीन कार्ड व्हायचंय अजून."

"घाबरून कॅन्सल केलं तर मुलांना काय सांगायचं?" काका म्हणाले, आणि त्यांनी टाउनशिपवर फेडरल कोर्टात नागरी हक्कांचा दावा लावला.

टाउनशिपच्या वकिलाची सगळी भिस्त माझ्या शंभरावर होती. त्यानं मला साक्षीला उभं केलं. "शंभर म्हणाला होतात?" नाही म्हणावं तर शपथेवर खोटं, हो म्हणावं तर काकांचा दावा बुडणार. समोर काका बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली, सांगून टाक.

"म्हणालो होतो. थाप होती ती."

न्यायाधीश बाईंनी विचारलं, का मारली?

"मी वाढलो त्या वस्तीत सरकारी माणसानं डोकी विचारली की वाढवून सांगायची. कमी सांगितली तर पाण्याचा नळसुद्धा मिळत नाही. आणि अठराच आहोत म्हणायची मला लाज वाटली."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हजेरीची वही मागवली आणि पानापानावरच्या सह्या मोजल्या.

थोड्याच दिवसांत हुकूम आला, निकाल लागेपर्यंत वंदना अडवायची नाही. पुढे टाउनशिपनं नोटीसच मागे घेतली.

हुकुमानंतरच्या पहिल्या रविवारी काकूंनी चहा टाकताना विचारलं, "किती झाले रे?"

जीभ पन्नासकडे निघाली होती.

"चोवीस," मी म्हणालो, आणि मला लाज वाटली नाही.