अख्ख्या गल्लीचा ताप

आम्हाला कोणी अडाणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. कोरोनाच्या लशीच्या वेळी सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत येणाऱ्या आरोग्यवाल्या बाई दर फेरीला तेच म्हणायच्या, "सुईला घाबरता होय?" सुईला कोण घाबरतंय? साड्यांवर टिकल्या शिवून शिवून आम्हा बायकांच्या बोटांची चाळण झाली आहे.

भीती होती तापाची. गल्लीत सगळ्यात आधी लस घेतली ती माझ्या नवऱ्याने, तीही मी मागे लागले म्हणून. दोन दिवस ताप आला. गल्लीतले सगळेच पुरुष एकाच कापड कारखान्यात; तिसऱ्या दिवशी तो तिथे गेला, तर त्याच्या मशीनवर बदलीवाला उभा. कामगारांवरचा मास्तर म्हणाला, आता हाच राहील. तेव्हापासून लशीचं नाव काढलं की लोक माझ्या नवऱ्याकडे बोट दाखवायचे. त्यांचं तरी काय चुकत होतं? त्याचं काम मीच घालवलं होतं.

पुढे शेजारचाच एक माणूस कोरोनाने गेला, तेव्हा लोक तयार झाले. बाई म्हणाल्या, थोडेथोडे या. पण आम्ही खानदेशी माणसं, लग्न असो की मयत, एकाच टेम्पोत जाणार. 'आधी तू, आधी तू' करत शेवटी सगळेच चढले आणि दुसऱ्या दिवशी सगळेच तापाने फणफणले. असा मूर्खपणा आम्हीच करू जाणे.

दुपारी मास्तर स्वतः गल्लीत आला. एका माणसाला बदलीवाला मिळतो, अख्ख्या गल्लीला कुठून आणणार? दारोदार डोकावून तो आमच्या ओट्याशी थांबला.

"भाभी, भाई को भेजो. सब मशीन बंद पडी है."

नवऱ्याची लस आधीच झालेली, तो एकटाच ठणठणीत; लगेच उठला. मी दारात हात आडवा धरला. हिंदी येते मला, पण त्या दिवशी मुद्दाम अहिराणीतच बोलले.

"पहिले त्यानं मशीन त्याले परत द्या. बाकीनास्ना मशीनले कोन्ही हात लावाना नही. ताप उतरना की सम्दा येतीन."

इतकी वर्षं आमची माणसं राबवून मास्तरला अहिराणी चांगली कळत होती. बाकीच्यांच्या जागी बदलीवाला उभा करायचा नाही, हे त्याला बरोबर कळलं.

"ठीक है," तो म्हणाला.

नवरा डबा घेऊन गेला. ताप उतरल्यावर बाकीचेही आपापल्या मशीनवर उभे राहिले.

दुसऱ्या डोसच्या वेळी बाई पुन्हा म्हणाल्या, थोडेथोडे या. मी त्यांच्यासमोरच टेम्पोवाल्याला फोन लावला.