रापणीचा दोर

लकवा मारून गेल्यापासून धोंडूच्या उजव्या हाताची मूठ वळत नव्हती. तो पडवीत बसला होता आणि नात दिव्या शेजारी इंग्रजी घोकत होती.

"आजोबा, 'चिप इन' म्हंजे काय, सांगा बघू?"

"माका काय विचारतंस गो? तूच सांग."

"सगळ्यांनी मिळून हातभार लावायचा. पैशांनी, नायतर कामानं. आणि कोणी बोलताना मध्येच आपले चार शब्द घातले, तरी तेच."

"म्हंजे आमची रापण!" धोंडू हरखला. "दोराक हात लावलो की वाटो. मगे तो कोणय असांदे."

तेवढ्यात किनाऱ्यावरून हाकारे आले. समुद्रात पसरलेलं रापणीचं जाळं ओढायला माणसं दोराला लागली होती. धोंडू तडक उठला आणि रांगेत शेवटी जाऊन डाव्या हाताने दोर धरला. पुढच्यांनी हिसडा दिला. दोर सरकला आणि धोंडू वाळूत गुडघ्यांवर आला.

"काकानू, बाजूक बसा," दोरावरच्या जयवंताने त्याला उठवलं. "तुमचो वाटो खंय जाणा नाय."

"बांगडे काय पळान जातत?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले, धोंडूही हसला.

जाळं आलं. पहिली टोपली धोंडूपुढे ठेवली, सगळ्यांपेक्षा भरलेली.

"अरे, माजो हात खंय लागलो?" तो म्हणाला. वाटणीच्या गलक्यात ते कोणाला ऐकूच गेलं नाही.

टोपली एका हाताने उचलेना. कोणीतरी मोकळं होईपर्यंत तो तिच्यावरचे कावळे हाकलत उभा राहिला.