सोपान मिस्त्रींची जीभ

सोपान मिस्त्री वीट चाटून बघायचे. आधी दोन विटा एकमेकींवर आपटून आवाज ऐकायचे, मग नखानं ओरखडायचे, कमरेइतक्या उंचीवरून जमिनीवर सोडून द्यायचे आणि एवढ्या परीक्षा पास झालेली वीट दस्तीनं पुसून तिला जीभ लावायचे. मग डोळे मिटून उभे राहायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं. पुढं त्या मिटलेल्या डोळ्यांची धास्तीच वाटायला लागली, कारण डोळे उघडले की ते म्हणायचे, "न्हाई गुरुजी. खारी हाय. माघारी धाडा."

युसूफ वडगाव या गावात आम्ही घर बांधायला काढलं तेव्हा माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. 'घर पाहावं बांधून' असं ज्यानं म्हटलं, त्यानं पन्नाशीनंतर बांधलं नसणार. मी आणि माझी बायको सुमन प्लॉटच्या कोपऱ्यात पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. उन्हाळ्यात तो पत्रा असा तापायचा की भाकरी वरच भाजावी. सकाळी टँकरची वाट, मग शाळा, संध्याकाळी सिमेंटच्या गोण्या मोजणं. अंगातलं त्राण संपत चाललं होतं.

सुमनची इच्छा एकच होती: बाहेरून गिलावा करायचा नाही, विटा उघड्या दिसू द्यायच्या. तिथंच सगळं अडलं. आमच्याकडच्या भट्ट्यांवर बरेचदा मचूळ, खारट पाण्यात माती मळतात. अशा विटेला लोणा लागतो, म्हणजे अंगावर पांढरं मीठ फुटतं आणि चार पावसाळ्यांत वीट पापुद्र्यांनी गळायला लागते. मिस्त्री म्हणायचे, "आतली भिंत घराच्या जिवावर जगती गुरुजी. बाहेरच्या भिंतीच्या जिवावर घर जगतं."

हे बोलायचा त्यांना अधिकार होता. ते मूळचे शिरूर कासारकडचे. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळं निम्मं बालपण उसाच्या पाचटाच्या कोपीत, बिनभिंतीच्या खोपटात गेलेलं. "भिंत म्हंजी काय ते मला इचारा," असं म्हणायचे. मोठेपणी कोयता सोडून त्यांनी थापी धरली आणि पंचक्रोशीत त्यांच्या जिभेचं नाव झालं. त्यांनी पास केलेली वीट म्हणजे झालं, कुणी दुसऱ्यांदा बघायचं नाही.

ट्रॅक्टरची ट्रॉली वळणावर दिसली की ते मला चिडवायचे, "गुरुजी, वीट आली का वीट आला?" दोनदा मी हसलो. पण तिसऱ्या भट्टीची ट्रॉलीही त्यांनी माघारी धाडली, ड्रायव्हर मला नको नको ते बोलून गेला आणि माझा तोल सुटला. "आता खरंच वीट आला, मिस्त्री! कशाला छळताय? त्या विटेत काय वाईट होतं?"

ते शांतपणे म्हणाले, "येऊ द्या. आलेला वीट जातो गुरुजी, लागलेली वीट जात न्हाई."

त्या दुपारी सुमननं त्यांना जेवायला बसवलं. पिठलं होतं. तिनं मीठ घातलेलंच होतं. ती पाणी आणायला बाहेर गेली आणि ती विसरली असेल म्हणून मी पुन्हा मूठभर सोडलं. पहिला घास तोंडात घातला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. समोर मिस्त्री दुसरी भाकरी मोडत होते. "वैनी, झ्याक झालंय," ते म्हणाले आणि त्यांनी आणखी वाढून घेतलं.

सुमननं एक घास चाखला. माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "भाऊ," ती हळूच म्हणाली, "खारट झालंय ना?"

मिस्त्रींचा हात ताटातच थांबला.

"दोन वर्सं झाली वैनी," ते म्हणाले. "एक ताप आला, त्यात चव गेली ती आलीच न्हाई. जीभ लावतो, पर कायबी कळत न्हाई. चुकून खारी वीट लागली तर तुमची भिंत जाईल, म्हून सगळ्याच माघारी धाडल्या. कुनाला बोलू नका. लोक माझ्या हाताला न्हाई, जिभेला काम देत्यात."

मला राग यायला हवा होता. तीन ट्रॉल्या चांगल्या असतील-नसतील, महिना गेला होता. पण मी इतका दमलो होतो की रागही आला नाही, आणि समोरचा माणूस माझ्याहून दमलेला दिसत होता.

सुमन उठली. परत गेलेल्या ट्रॉलीतली एक वीट मागं पडली होती, ती तिनं पुसली आणि जीभ लावली. तोंड वाकडं करून म्हणाली, "ही तर खरंच खारट आहे." मिस्त्री जेवणावरून उठून तिच्याजवळ गेले आणि डोळे मिटून काय शोधायचं ते तिला समजावू लागले: आधी मातीची चव येऊन जाऊ द्यायची, मीठ मागून येतं.

चौथ्या भट्टीची वीट सुमननं पास केली. मिस्त्रींनी आमची भिंत अशी रचली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. पुढची चार वर्षं ते दर महिन्या-दोन महिन्यांनी सायकलच्या पिशवीत दोन-तीन विटा घालून आमच्याकडं यायचे. "वैनी, जरा बघता का?" कुणाच्या ना कुणाच्या घराची बाहेरची भिंत असायची. सुमन चूळ भरायची, अंगणात बसायची. कंटाळा आलेला असायचा, कंबर धरलेली असायची, पण तिनं कधी नाही म्हटलं नाही. "माणसाची भाकरी आहे ती," एवढंच मला म्हणायची.

या माघात मिस्त्री गेले. दहाव्याला त्यांनी बांधलेल्या घरांतली बरीच माणसं आली होती. एक जण म्हणाला, "काय जीभ होती बे! आता तशी पारख व्हायची न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकांमध्ये बसलेल्या सुमननं पदर तोंडाला लावला. मिस्त्रींची बायको तिच्याजवळ सरकली आणि तिचा हात हातात घेऊन बसली. तिलाही सगळं ठाऊक होतं.

तो माणूस माझ्याकडं वळला. "गुरुजी, तुमच्या भिंतीच्या विटा त्यांनीच पारखल्या ना?"

"हो," मी म्हणालो. "एकूण एक."