उकाबनं खाली ठेवलेली कॉफी

करक गावात मिफ्लेह पोस्टमनला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. एकतीस वर्षं तो किल्ल्याखालचे चढ चढला आणि उतरला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना पत्रं वाचून दाखवली, आणि लेकानं लिहिलेलं नसलं तरी 'आईच्या हातांचा मुका घेतो' हे शेवटी स्वतःच्या पदरचं जोडलं. निवृत्त झाल्यावर मुलीनं त्याला मोबाईल घेऊन दिला आणि झालं, सगळी गोडी त्या मोबाईलात गेली. रोज सकाळी चारशे बारा जणांना गुलाबाचं फूल. कुणाचं लग्न असो, कुणाची मयत असो, पहिला निरोप याचा.

"माणसं जोडून ठेवावी लागतात," तो बायकोला ऐकवायचा.

"ठेवा जोडून," फिद्दा म्हणायची, "पण आधी जेवून घ्या, मी केव्हाची ताट वाढून बसलेय."

मार्चच्या अखेरीला एका दुपारी उकाब आला. उकाब म्हणजे पाथरवट, मिफ्लेहचा लंगोटीयार. बायको वारलेली, मूलबाळ नाही. फिद्दानं वेलदोड्याची कडू कॉफी आणून ठेवली, मिफ्लेहनं एका हातानं ओतून दिली. दुसऱ्या हातात मोबाईल होता. उकाबनं कप घेतला आणि ओठाला न लावता तिवईवर ठेवला.

आता, पाहुण्यानं कप न पिता ठेवला की त्याचं काही मागणं आहे, हे करकमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. यजमानानं म्हणायचं, 'पी, तुझं काम झालं समज.' मग पाहुणा पितो आणि मग मागतो. यजमानानं तेवढं म्हटलं नाही, तर ते 'नाही' असतं, आणि पाहुणा पुन्हा तो विषय काढत नाही.

"पी रे, गार होतेय," मिफ्लेह म्हणाला. मान खालीच.

"तुझं चाललंय ते होऊ दे."

"हे एवढं झालं की झालंच. हमदानचा पोरगा डॉक्टर झाला. भाऊबंदांच्या ग्रुपवर ऐंशी जणांनी अभिनंदन केलं आणि मी अजून नाही. शरमेची गोष्ट आहे, राव!"

उकाब अर्धा तास बसला. मग उठला.

"निघालास? बरं, तुला माझा जुना मोबाईल दिलाय, रोज फूल पाठवतो, निदान उघडून तरी बघत जा. एक निळी खूण उमटत नाही तुझी."

उकाब दाराकडे वळला. दाराची चौकट हातानं चाचपत बाहेर पडला. तेही या शहाण्यानं पाहिलं नाही.

फिद्दा भांडी उचलायला आली आणि जागीच थबकली. "अहो, हा कप भरलेला कसा?"

"गप्पांच्या नादात राहिला असेल."

"कसल्या गप्पा? मी आतच होते, एक शब्द ऐकला नाही. काय मागायला आला होता तो? उठा, जा त्याच्या मागे!"

"आता रस्त्यात धावू का? मोबाईलवर विचारतो."

आणि विचारलं. 'काही काम होतं का?' खाली गुलाब. निळी खूण काही उमटली नाही. तिसऱ्या दिवशी मिफ्लेहचंच डोकं फिरलं. "आखडलाय! राहू दे तसाच." फिद्दानं दोनदा टोकलं, मग तीही गप्प झाली. असे पाच आठवडे गेले.

सहाव्या आठवड्यात न्हाव्यानं त्याच्या गालाला साबण लावता लावता विचारलं, "उकाबकडे जाऊन आलास ना? डोळे गेले बिचाऱ्याचे."

काचबिंदू होता. अम्मानच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशनची तारीख मिळाली होती, पण सोबत माणूस असल्याशिवाय आत घेत नव्हते. एकटाच गेला, परत पाठवला. पुढची तारीख येईपर्यंत एक डोळा पार गेला, दुसऱ्याला आता नुसत्या सावल्या दिसतात.

"अरे पण कुणाला सांगायचं तरी!" मिफ्लेह ओरडला.

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाला, एका ठिकाणी मागितलं होतं, त्यानं नाही म्हटलं." न्हाव्यानं वस्तरा परजला. "कोण तो नालायक, नाव काही सांगेना."

मिफ्लेहला आरशात बघवेना. अर्धी दाढी तशीच ठेवून, साबण बाहीला पुसत तो उठला. उकाबच्या गल्लीत शिरताना त्याला वाटत होतं, समोरून कुणी ओळखीचं येऊ नये. आणि त्या गावात सगळेच ओळखीचे.

उकाबनं आवाजावरून ओळखलं. 'ये' म्हणाला, दुसरं काही नाही. कपाच्या कडेला बोट लावून त्यानं स्वतः कॉफी ओतली. मिफ्लेहनं कप घेतला आणि न पिता खाली ठेवला. आणि वाट पाहत बसला.

उकाब भिंतीकडे तोंड करून शांत बसून होता. बराच वेळ गेल्यावर मिफ्लेहच्या डोक्यात प्रकाश पडला. याला कप दिसतच नाही. चारशे बारा जणांशी रोज गोड बोलणाऱ्या माणसाला आता हे तोंडानं सांगावं लागणार होतं.

"उकाब, मी कप खाली ठेवलाय."

उकाबची मान जराशी वळली. "केव्हाचा?"

"झाला थोडा वेळ."

"मी अर्धा तास बसलो होतो."

"मला तोंडानं मागायची लाज वाटतेय रे," मिफ्लेह रडतच म्हणाला.

"मलाही वाटली होती. म्हणून तर कप ठेवला."

उकाबनं हात फिरवून तो कप शोधला, आत बोट बुडवलं. "गार झाली," म्हणाला. ती ओतून टाकली आणि दुसरी गरम भरून त्याच्यासमोर धरली.

"पी," एवढंच म्हणाला. 'तुझं काम झालं समज' हे काही म्हणाला नाही.

मिफ्लेह तरीही प्यायला.