जी शिकवणी माझी नव्हती

हे सांगणं मी पस्तीसेक वर्षं टाळलं. जुने विद्यार्थी सत्काराला बोलावतात, माझ्या शिकवणीमुळे गणिताची भीती गेली असं माईकवर सांगतात, आणि मी शालीत हात लपवून ऐकत बसतो. ज्या मुलीबद्दल सांगायला हवं होतं, ती मागच्या हिवाळ्यात वारली. आता तिच्यासमोर उभं राहावं लागणार नाही, म्हणून लिहायचं बळ आलं. हेही लिहूनच टाकतो.

नागभीडच्या बाजूच्या एका गावात मी हायस्कूलला गणित आणि विज्ञान शिकवायचो. ऐंशीचं दशक सुरू होऊन थोडी वर्षं झाली होती. वर्गात सत्तर पोरं. फळ्यावर उदाहरण सोडवायचं, पुसायचं, पुढचं घ्यायचं. सकाळी मात्र माझ्या ओसरीवर दहा-बाराच असत. तिथं पोराच्या वहीत डोकावता यायचं, नेमकं कुठं अडलं ते दिसायचं. शिकवणीचा फायदा एवढाच; त्यात जादू काही नाही.

ती दहावीत होती. वडील तलावावर मासे धरायचे, आई बाजारात विकायची. तिच्याकडून मी फी घेत नव्हतो, आणि त्या उपकाराचं मला फार कौतुक होतं.

एकदा राइस मिलवाल्याचा मुलगा समीकरणात अडला. मी तिसऱ्यांदा सांगितलं, "बाजू बदलली की चिन्ह बदलतं." त्यानं विचारलं, "पण काऊन बदलते सर?" मी म्हणालो, "नियम आहे." तेव्हा ती मागून बोलली, "काही बदलत नाई. तराजूच्या एका पारड्यातून सात काढले, त दुसऱ्यातूनही सात काढा लागते. नाई त काटा हलते."

"आता मासे इकणारी गणित शिकवन काय?" तो म्हणाला.

"तुले सरांचं समजलं असतं, त मी कायले बोलली असती?"

सगळे हसले, तोही हसला. आणि त्यानं उदाहरण सोडवलं.

त्या दिवसापासून मी अडलेली पोरं तिच्याकडे देऊ लागलो. ती आधी त्यांनाच बोलायला लावायची. "तुले कुठवर समजलं, तेवढं सांग." मग तिथूनच धरायची. आरशातली प्रतिमा समजवायला त्यांना तलावाच्या पाळीवर नेऊन पाण्यातलं झाड दाखवायची. पोरं तिला लहान मॅडम म्हणून चिडवत, पण अडलं की तिच्याच शेजारी सरकत. वर्षभरात शिकवणीचं नाव वडश्यापर्यंत गेलं. नाव माझंच.

दहावीत ती गणितात शाळेत पहिली आली. आमच्या शाळेला अकरावी होती, पण कला शाखेची. विज्ञानासाठी ब्रह्मपुरीला राहावं लागे. एका दुपारी वडील तिला घेऊन आले आणि ओसरीखालीच उभे राहिले.

"गुरुजी, पोरगी सायन्स म्हणून राह्यली. बहिणीचं घर हाये ब्रह्मपुरीले, ते ठेवून घ्याले तयार हाये. तुमी म्हणान तसं करतो."

तयारी त्यांची झालेली होती. फक्त माझा होकार हवा होता. माझ्या डोक्यात त्या वेळी काय आलं, ते मला आजही नीट आठवतं: जूनमध्ये नवी पोरं येतील, त्यांना कोण शिकवणार?

मी म्हणालो, "भाऊ, दहावीचं गणित वेगळं आणि तिकडचं वेगळं. तिला झेपायचं नाही. इथंच अकरावीत टाका."

"तुमी म्हणता त बरोबरच असन."

ती निकालाचा कागद धरून उभी होती. "सर, मले खरंच नाई जमणार?"

"नाही," मी म्हणालो.

ती दोन वर्षं ओसरीवर शिकवत राहिली. मग कुरखेड्याकडे तिचं लग्न झालं. तराजू मी ठेवून घेतला. पुढची सगळी वर्षं तो माझाच म्हणून शिकवला.

निवृत्तीनंतर एकदा कुरखेड्याला गेलो, तेव्हा मुद्दाम तिचं घर शोधलं. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तिनं खुर्ची पुसून दिली आणि मुलीला हाक मारली. "पाया पड. हे माहे सर. यायनं मले खरं सांगतलं होतं, का सायन्स तुह्यानं होत नाई. नाई त तिथं जाऊन नापास झाली असती, बाबाची इज्जत गेली असती."

ती हे मनापासून म्हणत होती. माझ्या हातात चहाची बशी होती. मी म्हणालो, "चहा छान झालाय बाई." पाऊण तास बसलो. तिच्या धानाचं विचारलं, गुडघ्यांचं विचारलं. निघताना ती फाटकापर्यंत आली, तेव्हाही वेळ होता. मी फक्त "येतो" म्हणालो.

म्हणायचं होतं ते असं: तुला जमलं असतं. मला ते माहीत होतं. मी खोटं बोललो, कारण मला तू माझ्या ओसरीवर हवी होतीस. मला माफ कर.